मेहमुदाच्या उखळाचं झाकण

राग नाकावर असतो म्हणतात. फक्रुद्दीन मिस्त्रीचा राग नाकावरही थांबत नसे, सरळ तोंडातून बाहेर पडायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ज्या फौंड्रीत तो कामाला होता तिथली माणसं म्हणायची, एक वेळ भट्टीला चिकटून उभं राहिलेलं परवडतं, फक्रुद्दीनजवळ नाही. पण त्याला काढून टाकायचा विचार कुणी केला नाही, कारण पॅटर्न करावा तर त्यानंच. पॅटर्न म्हणजे जी वस्तू लोखंडात ओतायची, तिचा आधी केलेला लाकडी नमुना. नमुन्यात चूक राहिली की तीच चूक पुढं ओतलेल्या प्रत्येक वस्तूत उतरते. फक्रुद्दीनच्या नमुन्यात चूक नसायची. चुका बाकी सगळ्या जगात असायच्या, आणि त्या तो ओरडून सांगायचा.

त्याला एक खोड होती. मालकानं नवं ड्रॉइंग पुढ्यात टाकलं की दुसऱ्या कुणीही रंधा हातात घेतला असता. फक्रुद्दीन सायकल काढायचा. वस्तू जिथं वापरली जाणार तिथं जाऊन बसायचा, विहिरीवर तर विहिरीवर, गुऱ्हाळावर तर गुऱ्हाळावर. वापरणाऱ्याचा हात कुठं जातो, कंबर कुठं वाकते, तोंडातून शिवी नेमकी कुठल्या क्षणी निघते, हे बघत राहायचा. मालकाला ही वेळेची नासाडी वाटे. फक्रुद्दीनला मालकच वेळेची नासाडी वाटे. तरी दोघांचं वर्षानुवर्षं जमलं, कारण दोघांनाही एकमेकांशिवाय दुसरं कोणी सापडलं नाही.

गडमुडशिंगीची गोष्ट त्याच्या सोबत्यांना पाठ होती. फौंड्रीत तेव्हा शेतीपंपाच्या इंजिनांचे भाग ओतत, आणि डिझेलच्या टाकीचं झाकण सारखं हरवतं अशी तक्रार यायची. लोक टाकीच्या तोंडात चिंधी कोंबायचे, कचरा आत जायचा, इंजिन बंद पडायचं, आणि बोलणी खायची फौंड्रीनं. फक्रुद्दीन गडमुडशिंगीच्या एका मळ्यात विहिरीच्या कडेला जाऊन बसला. त्यानं पाहिलं की दोन्ही हात डबा धरण्यात गुंतलेले, मग झाकण ठेवायचं कुठं? विहिरीच्या काठावर. तिथून ते पाण्यात. फक्रुद्दीननं झाकणाला साखळी जोडली आणि साखळी टाकीला. साधं काम, पण मनापासून खूश झाला. पुढं काही महिन्यांनी मुद्दाम बघायला गेला, तर टाकीच्या तोंडात पुन्हा चिंधी. साखळीला वासरू बांधलेलं, आणि झाकणाला भोक पाडून ते वासराच्या गळ्यात. मळेकरी हसत पुढं आला. "साखळी लई झ्याक हाय बघा मिस्त्री. आणखी एक द्या की. म्हशीला पायजे."

त्या दिवशी फक्रुद्दीन गडमुडशिंगीपासून उचगावपर्यंत सायकलवर एकटाच ओरडत आला. झाकणं त्याच्या नशिबातच लिहिलेली होती म्हणायची. कारण ज्या झाकणानं त्याला खरं रडवलं ते त्याच्या स्वतःच्या घरात होतं.

फक्रुद्दीन उचगावात राहायचा. घरासमोर पडवी, पडवीच्या कडेला एक पत्र्याची खोली, आणि त्या खोलीत मेहमुदाचं कांडप. मेहमुदा त्याची बायको. तिची आई बिबीजान घरोघरी जाऊन हातानं मिरच्या कुटायची. तिचं गिऱ्हाईक पुढं मेहमुदाकडं आलं. लग्नानंतर फक्रुद्दीननं जुनी मोटर मिळवून दोन मुसळांचं यंत्र बसवून दिलं. जमिनीत पुरलेलं लोखंडी उखळ, वर फिरणारा दांडा, तो मुसळ उचलायचा आणि सोडून द्यायचा, एक वर गेलं की दुसरं खाली. धाड धाड आवाज वेशीपर्यंत जायचा. मेहमुदा उखळाच्या काठाशी पाटावर बसून, मुसळ वर असेल तेवढ्यात हात घालून मिरची सारखी करायची. त्या हाताची लय अशी बसलेली की बघणारा डोळे मिटून घ्यायचा, ती नाही.

कोल्हापूरकडं चटणी म्हणजे जेवणातलं तोंडीलावणं नव्हे, वर्षाचं तिखट. होळी झाली की बायका मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायच्या, धणे-खोबरं-तीळ भाजायच्या, आणि बुट्टी डोक्यावर घेऊन कांडपावर यायच्या. मृग लागायच्या आत चटणी बरणीत गेली पाहिजे. आणि या कामाला एक रीत होती, ती कुणी लिहिलेली नव्हती आणि कुणी मोडलेलीही नव्हती. जिची चटणी तिनं शेवटचा चमचा चाळून होईपर्यंत दाराशी, वाऱ्याच्या बाजूला, उखळाकडं डोळे लावून उभं राहायचं. आधी मूठभर खडेमीठ कुटून घ्यायचं, म्हणजे आदल्या बाईचं उखळाला चिकटलेलं निघून जातं. पाणी लावायचं नाही, ओल लागली की वर्षाची चटणी बुरसते. आणि मग बघत राहायचं. रंग बघायचा, वास घ्यायचा, चिमूट जिभेवर टाकायची. सख्ख्या बहिणीलाही कांडपावर एकटी पाठवून "कुटून आण" असं कुणी सांगत नसे. सोनं सोनाराकडं ठेवून बाई घरी जाईल, मिरची ठेवून जाणार नाही.

मेहमुदाला खोकला होता. किती वर्षं होता ते सांगता येत नाही, कारण मोटरीच्या आवाजासारखा तोही घरात भरून राहिलेला. अठ्ठ्याहत्तरच्या होळीआधी मात्र तो असा वाढला की ती दोन वाक्यं एका दमात बोलेना. फक्रुद्दीन तिला कोल्हापुरात डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं छाती तपासली, धंदा विचारला आणि औषधाआधी तेच बोलला. "हा उडणारा मिरचीचा खकाणा बंद करा. तो आत जात राहिला तर माझं औषध म्हणजे गळक्या घागरीत पाणी. दोन-तीन वर्षांत चार पावलं चालताना दम लागेल."

परतीच्या वाटेवर फक्रुद्दीन म्हणाला, "कांडप बंद."

"मग मी काय करू? भिंतीकडं बघत बसू?"

"माझा पगार हाय की."

"पगार तुमचा हाय. कांडप माझं हाय," मेहमुदा म्हणाली, आणि एवढं बोलण्यासाठी तिला वाटेत दोनदा थांबावं लागलं. "पार मुडशिंगीपासनं बायका येत्यात. माझ्या हाताखालची चटणी पायजे म्हणून येत्यात. ती मी सोडणार न्हाय."

फक्रुद्दीन चिडला, ओरडला, सायकल रस्त्याकडेला आडवी टाकली. पण बायकोला तो ओळखून होता. शेवटी म्हणाला, "ठीक हाय. तू सोडू नगंस. मी खकाणा सोडवतो."

आणि त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात जे केलं, ते स्वतःच्या घरी सुरू केलं. रजा टाकून कांडपात जाऊन बसला. आता बायकांच्या कामात बाप्या माणूस येऊन बसल्यावर काय व्हायचं? बायकांनी पदर ओढले, बोलणं बंद केलं, आणि बोलणं बंद झाल्यावर कांडपात येण्यात अर्धी मजाच उरली नाही. म्हणून त्याला पडवीत बसवलं, मध्ये पोत्याचा पडदा. तो पडद्याच्या भोकातून बघायचा आणि मध्येच ओरडायचा, "आता का थांबलासा?"

आतून धोंडुबाईचा आवाज यायचा. धोंडुबाई ही गावातली थोराड म्हातारी, सगळ्या आळीची चटणी तिच्या जिभेवरून पास व्हायची. "शिंक आलती. तीबी तुला इचारून द्यायची व्हय रं?"

बघून बघून त्यानं झाकण केलं. लाकडी चौकटीवर पत्र्याचा घुमट, उखळावर घट्ट बसणारा. मुसळं जायला वर दोन भोकं, भोकांना चामड्याच्या चकत्या, म्हणजे मुसळ हलेल पण फट राहणार नाही. आणि बाजूला जाड कापडाची बाही. मेहमुदानं बाहीतून हात घालायचा, आत मिरची सारखी करायची, खकाणा आतल्या आत. पॅटर्न करणाऱ्याचं काम ते, केसभरही फट नव्हती. यंत्र सुरू केलं तेव्हा मेहमुदानं सवयीनं नाकावर पदर धरला होता. थोड्या वेळानं तिनं तो सोडला. मग तिनं एक मोठा श्वास घेतला, तपासून बघावा तसा, आणि नवऱ्याकडं बघून हसली. फक्रुद्दीनला आयुष्यात कुठल्याच कामाचा इतका आनंद झाला नव्हता. मग तो मोटरीवरच ओरडला, उगीच.

दुसऱ्या दिवशी पहिली बुट्टी धोंडुबाईची.

"हे काय टोपलं उपडं घातलंयस?"

"झाकण हाय, आक्का. खकाणा येत न्हाय."

"आणि माझी मिरची?"

"आत हाय."

"आत हाय हे तू सांगतोयस. मला दिसंना." धोंडुबाईनं घुमटाला कान लावला, वास घेतला, बोटानं टिचकी मारली. "काढ ते."

"आक्का, तिच्या छातीला तरास हाय. डॉक्टरनं..."

"व्हय रं बाबा, अल्ला तिला बरं करू दे. पर माझी चटणी मी बघितल्याबिगर कशी कुटू?" आणि तिनं बुट्टी पुन्हा डोक्यावर घेतली. तिच्यामागं आणखी दोघींनी घेतली. पलीकडच्या वस्तीवर दुसरं कांडप होतं, उघडं.

फक्रुद्दीननं कपाळावर हात मारून घेतला नाही, तो त्यातला नव्हता. तो कामाला लागला. बघायचंय ना? घ्या बघा. त्यानं घुमटाला खिडकी पाडली आणि काच बसवली. पहिल्या चार घावांत काच आतून लाल झाली, पुसली तरी पुन्हा लाल. बायका काचेला नाक लावून बघायच्या आणि त्यांना स्वतःचाच चेहरा दिसायचा. एकजण म्हणाली, आरसा बरा केलाय मिस्त्रीनं, कुंकू लावायला. सगळ्या हसल्या आणि बुट्ट्या घेऊन गेल्या.

मग त्यानं घुमटाच्या कडेला खाली एक लहान खण काढला, ओढला की चिमूटभर चटणी बाहेर यायची. चाखा, हुंगा, रंग बघा. हे काही दिवस चाललं. पण चिमटीची मूठ झाली. प्रत्येकीला वाटायचं, खणात येते ती वरची वरची चांगली, खाली काय चाललंय कुणास ठाऊक. शांतव्वा आली. ती किराणा दुकानदार रुद्रय्याची बायको, माहेर निपाणीकडलं, बोलायला गोड आणि ऐकायला बहिरी. खणातली चटणी तिनं तळहातावर घेतली, उन्हात धरली.

"यव्वा, काळी पडालीया की. झाकणात वाफ कोंडतीया."

"वाफ कुठली? सुकी मिरची हाय. वाफ यायला काय भात शिजतोय का?" फक्रुद्दीन पडद्यामागून गरजला.

"तंगी," शांतव्वा मेहमुदाला म्हणाली; तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण, आणि बहिणीच्या नवऱ्याशी बोलणं हे तिच्या हिशोबात नव्हतंच, "तुझा जीव मलाबी प्यारा हाय. पर बारा म्हैन्यांची चटणी हाय. माझ्या लेकी सासरी हेच खात्यात. काळी गेली तर त्यांच्या सासवा मला काय म्हणतील?"

आता फक्रुद्दीन इरेला पेटला. त्यानं एकाच मिरचीचे दोन वाटे केले, एक झाकणात कुटला, एक उघड्यावर. दोन वाट्यांत घालून दोन्ही चटण्या बायकांपुढं ठेवल्या, कुठली कोणती ते न सांगता. धोंडुबाईनं चाखलं, डोळे मिटले, बराच वेळ जीभ फिरवली, आणि एका वाटीवर बोट ठेवलं. "ही खरी. रंग बघा, वास बघा."

"ती झाकणातली हाय!" फक्रुद्दीन पडदा बाजूला सारून आत घुसला. बायकांनी पदर ओढले तरी त्याला भान नव्हतं. "झाकणातली! आता बोला!"

धोंडुबाईनं पुन्हा एक चिमूट तोंडात टाकली. "मग हिच्यात तू मीठ जास्त घातलंस," ती शांतपणे म्हणाली.

यावर माणूस काय करणार? फक्रुद्दीन घराबाहेर गेला, रस्त्यावर गेला, आणि रस्ता संपेपर्यंत चालत राहिला. लोखंड ऐकतं, लाकूड ऐकतं. लाकडाची रेघ कुठं जाते ते कळलं की ते रंध्याखाली मऊ येतं. बायकांची रेघ त्याला सापडत नव्हती. खिडकी मागितली, दिली. चव मागितली, दिली. पुरावा मागितला नव्हता, तोही दिला. तरी कांडप ओस. होळी मागं पडली, पाडवा झाला, हंगाम हातातून निसटायला लागला. मेहमुदा पाटावर नुसती बसून राहायची, झाकणाकडं बघत. छाती थोडी सुधारली होती, पण तोंड उतरलेलं. फक्रुद्दीनला कळत होतं की तो एका हातानं तिला बरं करतोय आणि दुसऱ्या हातानं तिचं मोठेपण काढून घेतोय. हे कळून त्याचा राग आणखी वाढायचा, कारण रागवायला समोर कुणी नव्हतं.

एके दिवशी फौंड्रीतलं काम लवकर आटोपून तो घरी आला, तर वेशीपासूनच धाड धाड ऐकू आली. त्याच्या जिवात जीव आला. घराशी येतो तो पडवीभर बुट्ट्या, बायकांची रांग, गप्पांचा कालवा. आलं एकदाचं शहाणपण, असं म्हणत तो आत डोकावला.

झाकण भिंतीला उलटं टेकवून ठेवलेलं होतं. त्याच्या घुमटात कुणीतरी मिरचीची देठं भरली होती. खोली लाल झालेली, आणि त्या लाल खकाण्यात मेहमुदा पाटावर बसलेली, डोळ्यांतून पाणी, नाकावर पदर, हात लयीत आत-बाहेर. धोंडुबाई दाराशी वाऱ्याच्या बाजूला उभी राहून समाधानानं बघत होती.

फक्रुद्दीननं मोटर बंद केली.

"हे कुणी काढलं?"

"मी," मेहमुदा म्हणाली.

"तुझ्यासाठी केलंय ते! तुझ्या छातीसाठी! मी काय येडा हाय म्हणून रजा टाकून टाकून पत्रा ठोकत बसलोय?"

मेहमुदाला आधी खोकला आवरावा लागला. मग ती म्हणाली, "छाती माझी हाय, झाकण तुमचं हाय. तुमचं झाकण एकबी गिऱ्हाईक आणत न्हाय. बसून बसून माझा जीव असाबी जायाचा, तसाबी जायाचा. असा गेलेला बरा, माणसांत."

त्यानं झाकण उचललं, परसात नेऊन भिरकावलं, आणि नंतर घरात कुणाशी बोलला नाही. ओरडणारा माणूस गप्प झाला की घराला भीती वाटते. फौंड्रीत त्यानं एका पंख्याच्या पॅटर्नचा कोन चुकवला, आणि ती चूक त्याची त्यानंच शोधली, कुणालाही शिवी न देता. सोबती एकमेकांकडं बघू लागले. परसातल्या झाकणात कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली. ती तेवढी त्याच्या कामावर समाधानी होती.

चैत्र उतरता उतरता एका सकाळी मेहमुदाला उठवेना. उठून बसली की ठसका, आडवी झाली की दम. बाहेर बुट्ट्या जमलेल्या. फक्रुद्दीन दारात आडवा उभा राहिला. "आज कांडप बंद. जावा आपापल्या घरी."

"थांबा," आतून मेहमुदा म्हणाली. ती भिंतीला धरून बाहेर आली, पडवी ओलांडून अंगणातल्या लिंबाखालच्या कट्ट्यावर बसली. दम खाल्ला. "मोटरीचं बटण हितं आणून द्या मला."

"कशाला?"

"द्या तर. आत मी बसत न्हाय. मला बोलवतंय तेवढं तरी ऐका."

त्याला तिची युक्ती कळली नाही, आणि भांडायचं त्राणही नव्हतं. कुरकुरत त्यानं वायर लांबवली, बटण फळीवर बसवून तिच्या मांडीशी दिलं. मेहमुदानं बायकांकडं पाहिलं.

"जिची चटणी तिनं आत बसावं. झाकण न्हाय, पडदा न्हाय. बघा, हुंगा, हात घाला. मुसळ कुणाच्या हातावर येऊ नये म्हणून मी बटणावर हात ठेवून बसते, आणि हाक मारली की बंद करते. आता तर झालं मनासारखं?"

बायका खूशच झाल्या. यापेक्षा आणखी काय पाहिजे? आपली मिरची, आपला हात, मध्ये कुणी नाही. मुसळापासून हात राखायला लाकडी उलथणं दिलं. पहिला मान अर्थात धोंडुबाईचा. ती पाटावर अशी बसली की जणू पाट तिच्यासाठीच केला होता. मूठभर मीठ टाकलं, कुटलं, काढलं. मग मिरची ओतली आणि हाक दिली, "चालव गं!"

मेहमुदानं बटण दाबलं. धाड. धाड.

थोडा वेळ बरं चाललं. मग आतून एक शिंक आली. मग दोन. मग शिंका मोजण्यापलीकडं गेल्या. "बंद कर! बंद कर गं!" धोंडुबाई पदरात तोंड खुपसून बाहेर आली, डोळे टोमॅटोसारखे, नाकाडोळ्यांतून धारा. ओट्याला धरून ती एवढी खोकली की दोघींनी पाठ चोळली. मग शांतव्वा गेली, म्हणाली, म्हातारीला सोसत नसेल. ती धोंडुबाईच्या निम्म्या वेळात बाहेर आली आणि सरळ रांजणाकडं धावली. तिसरी उंबऱ्यातूनच परतली.

अंगणात सगळ्या नाकं पुसत बसल्या. शेवटी धोंडुबाईला आवाज फुटला.

"ह्यात माणूस बसतंय व्हय?" ती म्हणाली. आणि मग, इकडंतिकडं बघत, "ते झाकण कुठं गेलं रं, फक्रुद्दीन?"

फक्रुद्दीनला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"झाकण, झाकण! ते पत्र्याचं केलतंस ते. लाव की परत. बाही हाय, खण हाय, सगळं सोयीचं केलतंस."

"व्हय, लावा की," शांतव्वाही म्हणाली, आणि या वेळी ती थेट त्याच्याशी बोलली.

परसातून झाकण आणायला दोघी धावल्या, कोंबडीनं दोघींना टोचलं, त्यांनी अंडी बुट्टीत काढून ठेवली, आणि धूळ झटकून ते त्याच्यापुढं आणून ठेवलं. फक्रुद्दीन त्याच्याकडं बघत राहिला. त्याला खूश व्हायला हवं होतं. हेच तर त्याला हवं होतं, होळीपासून हेच. पण झालं उलटंच.

"आता लावू व्हय?" तो ओरडला. अंगण दणाणलं. "आता आठवलं झाकण? म्या काच लावली, खण काढला, तुमच्या म्होरं वाट्या घेऊन भिकाऱ्यागत उभा राह्यलो. वर्सानुवर्सं ती आत बसलीया. तवा खकाणा गोड लागत हुता व्हय तुमास्नी?"

शांतव्वानं मान खाली घातली. धोंडुबाई पदरानं डोळे पुसत होती. ती लबाड म्हातारी खरी, पण त्या घडीला खोटं बोलली नाही.

"तसं न्हवं रं," ती म्हणाली. "आमास्नी वाटलं, तिला सवय हाय."

फक्रुद्दीननं ओरडायला पुन्हा तोंड उघडलं. पण कट्ट्यावरून मेहमुदाचा आवाज आला, बारीक, दम लागलेला.

"त्यास्नी बोलू नगासा. डॉक्टरनं सांगूस्तोवर तुमास्नी तरी काय वाटत हुतं?"

मग त्यानं झाकण उचललं, आत गेला, उखळाशी गुडघे टेकून बसला आणि नट आवळायला लागला. बाहेर मेहमुदाला खोकला आला. तो खोकला संपेपर्यंत अंगणात कुणी काही बोललं नाही, आणि तो लवकर संपला नाही.